झावीचा ई-मेल आणि खालिद जमील यांची निवड

‘बार्सिलोनाचा झावी भारताचा प्रशिक्षक व्हायला तयार होता. महासंघाला परवडला नाही, म्हणून खालिद जमील यांना घेतलं.’ जुलै 2025 पासून ही गोष्ट फिरते आहे आणि ती खोटी आहे. झावीच्या नावाने आलेला ई-मेल बनावट होता, असं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेच नंतर जाहीर केलं. पेप गार्डिओलाच्या नावानेही असाच अर्ज आला होता. शेवटच्या यादीत तिघे होते: स्टीफन कॉन्स्टन्टाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि जमील. 1 ऑगस्टला जमील यांच्या नावावर शिक्कामोर्तब झालं.

मग स्वस्तात मिळाले म्हणून निवडले का? हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. बरीच वर्षं मुंबई एफसी सांभाळून जमील 2016 मध्ये मिझोरामच्या आयझॉलकडे गेले. आयझॉलची त्याच वर्षी आय-लीगमधून गच्छंती झाली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने आयझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. त्याच संघाने 2016-17 मध्ये मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद पटकावलं. ईशान्येतल्या क्लबाने लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढे जमील यांनी नॉर्थईस्ट युनायटेडला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत नेलं. तोवर कुठल्याच भारतीय प्रशिक्षकाला ते साधलं नव्हतं.

राष्ट्रीय संघाचे ते पहिले भारतीय प्रशिक्षक मात्र नव्हेत. 1951 आणि 1962 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतली सुवर्णपदकं सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली आली. जमील यांच्याआधीचे पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक म्हणजे 2011-12 मधले गोव्याचे सावियो मेडेइरा.

प्रशिक्षक बदलला की संघ बदलतो, ही समजूत सगळ्यांत हट्टी. राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू रोज नसतात. फिफाने ठरवलेल्या दिवसांखेरीज त्यांना सोडण्याचं बंधन क्लबांवर नाही. त्यात जमील यांच्या नेमणुकीच्या हंगामाची सुपर लीग वेळेवर सुरूच झाली नाही, म्हणजे सामन्यांचा सराव कुठून येणार? तरीही सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने मध्य आशियाई नेशन्स कपमध्ये तिसरं स्थान मिळवलं. ऑक्टोबरमध्ये मात्र फातोर्ड्यात सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली आणि 2027 च्या आशियाई चषकाची दारं बंद झाली. त्याचं खापर एकट्या जमील यांच्यावर फुटलं. पात्रता फेरीतले पहिले दोन सामने, बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून पराभव, त्यांच्या नेमणुकीआधीचे होते.