माहितीपटाने शिक्षा होते का?

आर. केली या अमेरिकी गायकाला ‘सर्व्हायव्हिंग आर. केली’ या माहितीपटानेच तुरुंगात धाडलं, असं सर्रास म्हटलं जातं. तारखा पाहिल्या तर तसं वाटणं साहजिक आहे. जानेवारी 2019 च्या पहिल्या आठवड्यात लाइफटाइम वाहिनीने सहा भागांची ही मालिका दाखवली. लगेच शिकागोच्या मुख्य सरकारी वकील किम फॉक्स यांनी पत्रकार परिषद घेऊन पीडितांनी पुढे यावं असं आवाहन केलं, आणि 22 फेब्रुवारीला केलीवर लैंगिक अत्याचाराचे 10 आरोप ठेवले गेले.

मात्र हे आरोप कधी सुनावणीपर्यंत पोचलेच नाहीत. जानेवारी 2023 मध्ये ते मागे घेण्यात आले, कारण तोवर दोन फेडरल न्यायालयांत केली दोषी ठरला होता. त्यातल्या ब्रुकलिनच्या न्यायालयाने त्याला 2022 मध्ये 30 वर्षांची शिक्षा सुनावली, ती आठवडेच्या आठवडे चाललेल्या साक्षी आणि उलटतपासणीनंतर.

हे प्रकरण माहितीपटामुळेच उजेडात आलं, हा समजही चुकीचा आहे. ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये जिम डीरोगॅटिस आणि अब्दोन पॅलॅश यांची पहिली मोठी बातमी आली ती डिसेंबर 2000 मध्ये. 2002 मध्ये एका व्हिडिओटेपवरून केलीवर गुन्हा दाखल झाला, पण खटला उभा राहायला 2008 उजाडलं. टेपमधली म्हणून सांगितलेली मुलगी साक्षीला आलीच नाही, तिचे आईवडीलही आले नाहीत. सर्व 14 आरोपांतून केली निर्दोष सुटला.

माहितीपटाचं खरं बळ याच निकालाशी जोडलेल्या एका प्रसंगात आहे. 2008 च्या ज्युरीतला एक वयस्क सदस्य कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगतो, की साक्षीला आलेल्या बायकांवर आपला विश्वासच बसला नाही. त्यांचे कपडे, त्यांचं वागणं त्याला पटलं नव्हतं, म्हणून त्याने त्यांचं सगळं म्हणणं बाजूला सारलं. नवा पुरावा म्हणून याची किंमत शून्य आहे. पण कृष्णवर्णीय मुलींच्या तक्रारी इतकी वर्षं कुठे अडत होत्या, ते या एका कबुलीतून जितकं कळतं तितकं शंभर बातम्यांनी कळलं नसतं. 2008 मध्ये न आलेली ती मुलगी 2022 मध्ये, तिशी उलटल्यावर, शिकागोच्या फेडरल न्यायालयात नाव गुप्त ठेवून साक्षीला उभी राहिली. तिची साक्ष हा त्या खटल्याचा कणा ठरला.

माहितीपट पाहिलेला माणूस निःपक्षपाती राहूच शकत नाही, असं त्या खटल्यात बचाव पक्षाचं म्हणणं होतं. मालिकेचा एक मिनिटही पाहिलेल्यांना ज्युरीत घेऊ नये, ही त्यांची मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. आणि जनमत एका रात्रीत फिरलं असंही नाही. ‘केलीची गाणी बंद करा’ ही मोहीम अटलांटातल्या दोन स्त्रियांनी 2017 मध्येच सुरू केली होती. आरसीए या रेकॉर्ड कंपनीने मात्र त्याला सोडलं ते मालिका गाजल्यावर, आणि त्याच सुमारास त्याची गाणी ऐकणाऱ्यांची संख्या उलट वाढली.

माहितीपट नेहमी पीडितांच्याच बाजूने उभा राहतो, हाही एक भ्रम. अँड्र्यू जरेकी यांचा ‘कॅप्चरिंग द फ्रीडमन्स’ (2003) पाहून अनेकांची सहानुभूती आरोपीकडे वळली. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये घरी कॉम्प्युटर शिकवणारा शिक्षक आणि त्याचा मुलगा जेसी यांनी मुलांवरच्या अत्याचाराचा गुन्हा 1988 मध्ये कबूल केला होता. पोलिसांनी मुलांचे जबाब कसे घेतले, यावर चित्रपटाने नेमकं बोट ठेवलं, आणि ते रास्तच होतं. पण त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा दोन तक्रारदारांनी पत्र लिहून आपल्यावर खरोखर अत्याचार झाला होता, असं कळवलं. पुढे 2010 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने दोषसिद्धी रद्द करण्याची जेसीची मागणी नाकारली, तरी तिच्याबद्दल गंभीर शंका नोंदवली. 2013 मध्ये सरकारी वकिलांच्या फेरतपासणीत मात्र तो दोषीच असल्याचा निष्कर्ष निघाला. नुसता चित्रपट पाहून ठाम मत बनवणाऱ्याने यातला एकच तुकडा पाहिलेला असतो.

पीडितेने चेहरा दाखवावा, तरच तिचं खरं, ही अपेक्षा तर क्रूर आहे. भारतात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे. सज्ञान पीडिता स्वतः लेखी परवानगी देऊ शकते. पीडित अल्पवयीन असेल तर माध्यमांना पॉक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे विशेष न्यायालयाची परवानगी लागते. निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’मध्ये झारखंडमधल्या 13 वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीचा चेहरा दिसतो. सज्ञान झाल्यावर तिने संमती दिली, असं निर्मात्यांचं म्हणणं. तरीही प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि बालपणीच्या चेहऱ्यासाठी नंतरची संमती पुरते का, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असाच आहे. आरोपींना झालेल्या शिक्षेचं श्रेय चित्रपटाला द्यायचं तर तेही जपून द्यावं लागेल. बलात्कार करणाऱ्यांपैकीच एकाशी मुलीचं लग्न लावून टाका, असा दबाव गावातून आला असताना तिचा शेतकरी बाप मागे हटला नाही आणि मुलीने न्यायालयात साक्ष दिली. तिघांना 25 वर्षांची शिक्षा झाली ती 2018 मध्ये. चित्रपट पडद्यावर आला 2022 मध्ये.