दारं टाकणाऱ्यांचा बंधारा

केज तालुक्यात नदी ओलांडायची वाट पुष्कळदा कोल्हापुरी बंधाऱ्यावरून जाते. वर स्लॅबवरून बैलगाडी, ट्रॅक्टर. खाली खांबांमध्ये अडलेलं पाणी. या बांधकामांची चर्चा होते ती सिमेंटची आणि निविदांची. बंधारा मात्र दरवर्षी हातांनी उभा करायचा आणि हातांनीच मोडायचा असतो. पावसाळा सरला की खांबांच्या उभ्या खाचांत दारं उतरवायची, मृगाआधी काढून घ्यायची. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधल्या पोकळीत चिकण माती ठासत. ओली फळी फुगून फट आवळत जाई. आता लोखंडी दारं आणि रबरी पट्ट्या आल्या. पट्टी झिजली किंवा तळाच्या खाचेत गाळ राहिला की दार नीट टेकत नाही, आणि बोटभर फटीतून रब्बीचं पाणी वाहून जातं. ही फट क्षुल्लक नव्हे; इथली टंचाई आठवा. याच तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण आटलं, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

मग दारं बारमाही का ठेवू नयेत? कारण पुराला वाट मिळाली नाही की झाडोरा अडतो, पाणी स्लॅबवर चढून रस्ता बंद होतो, नाहीतर नदी बंधारा सोडून काठाचं रान कापते. शिवाय तळात गाळ साचतो तो वेगळाच. उलट दारं उशिरा पडली तर परतीचा पाऊस हातचा जातो, आणि मराठवाड्याची खरी भिस्त त्याच पावसावर. दारं टाकायचा दिवस कॅलेंडर पाहून ठरत नाही. आभाळ आणि नदीची धार पाहून ठरतो. काठावरच्या माणसाला ते कळतं, सरकारी कार्यालयाला परिपत्रक निघाल्यावर.

लातूरकडे मांजरेवर उचलत्या दारांचे बॅरेज झाले, तसेच इथेही करा, असं कोणी म्हणेल. मोठ्या नदीला ते ठीक. केजडीसारख्या लहान नदीवर तो खर्च पेलायचा कसा? आणि यंत्रालाही चालवणारा लागतोच. लोखंडी दारं भंगारात चोरीला जातात, हा आक्षेप खरा आहे. पण त्याला उत्तर कुलूपबंद खोली आणि जबाबदार माणूस, नवा बंधारा नव्हे. 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना व्यवस्थापनाचा मार्ग दिला. त्यासोबत मजुरी, खोलीची किल्ली आणि दिवस ठरवण्याची मुभाही द्या. नव्या बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात दारं टाकण्या-काढण्याची मजुरी धरलेली नसेल, तर ग्रामसभेने त्याला ठराव देऊ नये.