एकाच शेतात दोन दर

इंदूरजवळचं हातोद म्हणजे माळव्याची काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. खुरपणीला बायका आणि पोती उचलायला पुरुष, ही वाटणी या पट्ट्यात जुनी आहे, आणि मजुरीतली तफावत तिथूनच सुरू होते. काम ‘बायकांचं’ ठरलं की त्याचा दर आपोआप उतरतो. दिवसभर उकिडवं बसून, ओल्या चिखलात खुरप्याने तण काढणं हे हलकं काम कसं, हे मला कधीच पटलेलं नाही.

१९७६चा समान वेतन कायदा समान किंवा तशाच स्वरूपाच्या कामाला लागू होता. कामच वेगळं ठरवलं की पळवाट मोकळी! महाराष्ट्राच्या रोजगार हमीत मात्र खोदलेल्या मातीच्या मापावर पैसे मिळत. माती बाईने खोदली की पुरुषाने, हा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत वेतनातली अशी दरी वंशाचीही आहे, आपल्याकडे जातीची. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. दलित आडनावांना बोलावणं कमी आलं, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसतं. म्हणजे पगार ठरण्याआधीच दार बंद.

किमान वेतनाच्या सरकारी दरात बाई-पुरुष असा भेद नाही. हातोदच्या शेतमजूर बाईलाही तोच दर लागू आहे.