प्रवास आणि दागिने



वार्षिक परीक्षा संपली आणि मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांत प्रवासाची तयारी सुरू होते. कोणी आजोळी कोकणात जातो, कोणी लग्नासाठी मालेगावला किंवा सोलापूरला जातो. कपडे, खाण्याचे पदार्थ, पाण्याच्या बाटल्या, तिकिटे या साऱ्यांची आठवण प्रत्येकाला असते. याच गडबडीत कपाटातली एक छोटी डबी बाहेर निघते. तिच्यात अम्मीच्या बांगड्या असतात, दादीची जुनी साखळी असते, आपाचे झुमके असतात. सगळ्या सामानात ही डबी आकाराने सर्वांत लहान आणि किमतीने सर्वांत मोठी असते. प्रवासात तिची काळजी कशी घ्यावी, हे आपण या पाठात पाहू.

तुम्ही घरी ज्याला जेवर म्हणता, त्याला मराठीत दागिना म्हणतात. दागिना ही केवळ शोभेची वस्तू नाही. घरात आजारपण आले, मुलांच्या शिक्षणाची फी भरायची झाली, तर हाच दागिना बँकेत तारण ठेवून कर्ज मिळते. अनेक घरांत स्त्रीच्या स्वतःच्या हक्काची पुंजी एवढीच असते. म्हणून दागिना हरवतो, तेव्हा केवळ सोने हरवत नाही. घराचा एक आधार हरवतो.

दागिने कोठे लपवावेत, असा प्रश्न बहुतेकांना प्रवासाच्या दिवशी पडतो. खरे तर काळजी त्याआधी, घरातच घ्यायची असते. पहिला प्रश्न असा विचारावा : कोणते दागिने खरोखर लागणार आहेत? आजोळी आठ दिवस राहायचे असेल, तर सोन्याच्या चार बांगड्यांची गरज नसते. लग्नाला जायचे असेल, तर एक हार आणि कानांतले पुरेसे होतात. जो दागिना घरातून निघालाच नाही, तो प्रवासात हरवण्याची भीतीही नाही.

उरलेले दागिने रिकाम्या घरात ठेवण्यापेक्षा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे चांगले. लॉकर उघडण्यासाठी दोन किल्ल्या लागतात. एक बँकेकडे असते, दुसरी ग्राहकाकडे. दोन्ही लावल्याशिवाय लॉकर उघडत नाही. मात्र आत काय ठेवले आहे, याची नोंद बँक करत नाही. रिझर्व्ह बँकेचे लॉकरविषयीचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे नुकसान झाले, तर या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. समजा, वर्षाचे भाडे २,००० रुपये आहे; तर ही रक्कम जास्तीत जास्त २ लाख रुपये होईल. म्हणून लॉकर असला, तरी आपली यादी आपल्याजवळ हवीच.

ही यादी करण्याचे काम तुम्ही करू शकता. अम्मीजवळ बसा आणि एका वहीत प्रत्येक दागिन्याचे नाव, वजन आणि खूण लिहा. ‘सोन्याची साखळी’ एवढेच लिहून भागत नाही. अशा साखळ्या हजारो असतात. ‘साखळी, १२ ग्रॅम, कडीजवळ जोड दिलेला आहे’ असे लिहिले, तर ती साखळी ओळखता येते. वजन नेहमी ग्रॅममध्ये लिहावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आजच्या बाजारात १० ग्रॅमलाही तोळा म्हणतात. त्यामुळे तोळ्यात लिहिलेल्या वजनाने घोटाळा होऊ शकतो. वजन ठाऊक नसेल, तर ओळखीच्या सोनाराकडून करून घ्यावे.

दागिन्यावर हॉलमार्क आहे का, तेही बारकाईने पाहा. आता मिळणाऱ्या हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा असतात. पहिली भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, दुसरी शुद्धतेची आणि तिसरी सहा अक्षरांचा व अंकांचा मिळून बनलेला ओळख क्रमांक. बावीस कॅरट सोन्यावर ९१६ हा आकडा असतो. त्याचा अर्थ असा, की त्या धातूच्या हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने आहे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा असतो. तो यादीत लिहून ठेवा. दादीच्या जुन्या दागिन्यांवर असा क्रमांक नसेल. त्यांचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा. बिले, यादी आणि फोटो दागिन्यांच्या डबीत ठेवू नका. डबी गेली, तर पुरावाही तिच्याबरोबर जाईल.

आता दागिने नेण्याची रीत पाहू. प्रत्येक दागिना मऊ कापडाच्या वेगळ्या पिशवीत ठेवावा. सोने मऊ असते. दागिने एकमेकांवर घासले की त्यांवर चरे पडतात. या लहान पिशव्या एका बटव्यात घालाव्यात आणि बटवा कपड्याच्या आत, अंगाशी बांधावा. बसच्या टपावर, डिकीत किंवा आसनाखाली जाणाऱ्या बॅगेत दागिने ठेवू नयेत. विमानाने जाताना विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानातही ते ठेवू नयेत. बटवा कोणाकडे आहे, हे आधीच ठरवावे. ‘मला वाटले तुझ्याकडे आहे’ या एका वाक्याने अनेक वस्तू हरवतात.

रेल्वेत सामान हरवले तर रेल्वे भरपाई देईल, असे काही लोकांना वाटते. कायदा तसे सांगत नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर तेव्हाच येते, जेव्हा रेल्वेचा किंवा तिच्या नोकराचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध होते. एका व्यापाऱ्याने कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये रेल्वे प्रवासात चोरीला गेले होते. त्याने भरपाई मागितली. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की प्रवाशाला स्वतःची वस्तू सांभाळता आली नाही, तर त्यासाठी रेल्वेला जबाबदार धरता येत नाही. या निकालातून दुसरी गोष्टही शिकावी. कमरेला बांधले म्हणून काम संपत नाही. जागरूकही राहावे लागते.

प्रवासात काही जागा धोक्याच्या असतात. एस.टी.च्या दारात चढणाऱ्यांची रेटारेटी होते. त्या वेळी सर्वांचे लक्ष जागा मिळवण्याकडे असते, आणि चोराचे लक्ष गळ्याकडे. गाडी स्थानकातून सुटताना किंवा वेग कमी झाला असताना उघड्या खिडकीतून हात घालून साखळी ओढली जाते. खिडकीशी बसणाऱ्याने साखळी काढून ठेवावी किंवा ओढणीने गळा झाकावा. रात्रीच्या गाडीत मोठी बॅग बाकाखालच्या कडीला साखळीने बांधावी. बटवा मात्र उशाखालीही ठेवू नये. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ किंवा चहा नम्रपणे नाकारावा. त्यातून गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार घडले आहेत.

दागिन्यांना जिभेपासूनही जपावे लागते. शेजारचा प्रवासी सहज विचारतो, ‘लग्नाला निघालात वाटतं?’ त्याला ‘हो’ एवढे उत्तर पुरे. कोणता हार आणला आहे, हे सांगण्याची गरज नसते. निघण्याआधी मोबाइलवर सर्वांना तसे कळवणेही बरे नाही. घर रिकामे आहे, हे त्यातून नको त्यालाही कळते. काही ठग साध्या कपड्यांतले पोलीस असल्याचे भासवतात. ‘पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून या कागदात बांधा,’ असे म्हणून ते पुडी बांधून देतात. घरी येऊन पुडी उघडली, तर आत खडे निघतात. लक्षात ठेवा, खरा पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने काढून कागदात बांधत नाही. अशा वेळी मोठ्याने माणसे गोळा करावीत किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

मुक्कामी पोहोचल्यावर आपण निर्धास्त होतो. तेथेही थोडी काळजी घ्या. तोंड धुताना काढलेली अंगठी पुष्कळदा बेसिनवरच राहते. समुद्रात शिरताना अंगठी काढून ठेवावी. गार पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी निसटते. लग्नघरात दागिने उतरवल्यावर लगेच बटव्यात ठेवावेत आणि यादीशी ताडून पाहावेत. निघतानाही यादी पुन्हा वाचावी. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

इतके करूनही चोरी झाली तर? आधी घाबरू नका आणि घरातल्या कोणालाही दोष देत बसू नका. रेल्वेत असाल, तर १३९ या क्रमांकावर कळवा. गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडे, गार्डकडे किंवा रेल्वे पोलिसांकडे तक्रारीचा अर्ज मिळतो. त्यासाठी प्रवास मध्येच सोडावा लागत नाही. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे म्हणून पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते. तिची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्या.

येथे तुमची वही कामाला येते. चोर सापडला, माल मिळाला, तरी तो थेट हातात पडत नाही. पोलिसांकडे जमा झालेला माल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. दागिना आपलाच आहे, हे पटवून द्यावे लागते. ज्याच्याजवळ वजन, खूण, फोटो आणि बिल आहे, त्याचे काम सोपे होते. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला आपलीच वस्तू समोर दिसत असूनही ती आपली आहे, हे सांगणे कठीण जाते.

मराठीत म्हण आहे : ‘सावध तो सुखी.’ सावध असणे म्हणजे भीत भीत प्रवास करणे नव्हे. घरातले काम नीट झाले असेल, तर खिडकीतून डोंगर, नद्या आणि शेते मनमुराद पाहता येतात. या सुट्टीत निघण्याआधी एक कोरी वही घ्या, अम्मीजवळ बसा आणि यादी करा. लिहिताना एखादा दागिना कोणी दिला, कधी दिला, हेही विचारा. वजन आणि खूण तर वहीत येईलच. आपल्या घरची एखादी आठवणही तुम्हाला कळेल.