पेशीतील चिठ्ठी आणि अंडाशयाचा कर्करोग

आपल्या काकती-निपाणी भागात कर्करोग म्हटला की तंबाखू आणि तोंडाचा रोग हेच प्रथम डोळ्यांपुढे येतात. परंतु हातास गाठ न लागता स्त्रियांच्या पोटात गुपचूप वाढणारा एक कर्करोग आहे. तो अंडाशयाचा होय. बहुसंख्य रुग्णांत तो पोटात पसरल्यावरच उघडकीस येतो. तो वेळीच ओळखता यावा म्हणून शास्त्रज्ञ आज ज्या एका सूक्ष्म द्रव्याकडे आशेने पाहत आहेत, त्याची ओळख सभासद बंधुभगिनींस करून देण्याचे येथे योजिले आहे.

आपल्या परिचयाचा पेढीचाच दृष्टांत घेऊ. पेशी ही एक पेढी समजा. तिच्या केंद्रातील जनुके म्हणजे मूळ खातेवही. ती तिजोरीबाहेर जात नाही. तिच्यातील मजकुराची नक्कल होऊन जी हुंडी बाहेर पडते ती दूत-आर.एन.ए., आणि हुंडी वटल्यावर जो माल हाती येतो ते प्रथिन. आता हुंडी दारी आली असता ‘ही वटवू नये’ अशी मुनीमजींची चिठ्ठी पोहोचली, तर व्यवहार तेथेच थांबतो. ही चिठ्ठी म्हणजेच सूक्ष्म आर.एन.ए. होय. ती अवघी सुमारे २२ दुव्यांची असते. हुंडीवरील जुळणाऱ्या मजकुरास चिकटते आणि ती हुंडी वटू देत नाही, किंवा नष्ट करविते.

अमेरिकेतील व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत या चिठ्ठीचा प्रकार उघड केला. कृमीतील ही गंमत मनुष्यास काय कामाची, असे तेव्हा पुष्कळांस वाटले. परंतु २००० साली ‘लेट-७’ नावाची दुसरी चिठ्ठी मनुष्यासह अनेक प्राण्यांत आढळली आणि दृष्टी पालटली. या शोधाबद्दल उभयतांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात अशा चिठ्ठ्या एक हजाराहून अधिक आहेत.

कर्करोगात हा चिठ्ठ्यांचा कारभारच बिघडतो. पेशींच्या वाढीस लगाम घालणारी लेट-७ अंडाशयाच्या पुष्कळ गाठींत कमी झालेली आढळते. लगाम सुटला की नको त्या हुंड्या वटू लागतात. उलट ‘मिर-२००’ कुळातील चिठ्ठ्या वाढलेल्या आढळतात. विशेष म्हणजे या चिठ्ठ्या रक्तातही उतरतात व तेथे टिकून राहतात. म्हणून रक्ताच्या थेंबावरून रोग आरंभीच ओळखावा, असा प्रयत्न जगभर चालू आहे. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची परंपरा चालविणारी संस्था आज खारघर येथे आहे. अंडाशयाच्या कर्कपेशी औषधास दाद का देईनाशा होतात, याचा अभ्यास तेथे होतो.

तथापि आशा म्हणजे रोकड नव्हे. चिठ्ठ्यांची तपासणी अद्याप नित्याच्या वैद्यकात मान्य झालेली नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक निरोगी स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या स्त्रियांची सीए-१२५ ही रक्ततपासणी व सोनोग्राफी यांच्या साहाय्याने पाहणी झाली. तरीही त्यामुळे मृत्यू घटल्याचे दिसले नाही, असे २०२१ साली जाहीर झाले. सबब जाहिरातीस भुलून पैसा खर्चू नये.

मग गृहस्थाने करावे काय? पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस जावे लागणे, अशा तक्रारी दोन-तीन आठवडे टिकल्या, विशेषतः पन्नाशीनंतर, तर ‘वायू झाला असेल’ म्हणून ओव्याच्या फक्कीवर दिवस न काढता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. बेळगावी १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. काकतीहून ते दूर नाही.

दुसरी गोष्ट घराण्याची. कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध शोधणाऱ्या भारतातील आरंभीच्या संशोधकांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) होत्या. बीआरसीए या जनुकांतील दोष अंडाशय व स्तन या दोहोंच्या कर्करोगाचा धोका वाढवितो, आणि तो मातेप्रमाणेच पित्याकडूनही कन्येस येतो. म्हणून मावशी-आजीबरोबर आत्याच्या आजाराचीही नोंद ठेवावी व ती डॉक्टरांस सांगावी.

दिवाळीस आपण वर्षभराचा जमाखर्च पै-पैने तपासतो. घरातील गृहिणी आपल्या दुखण्याचे खाते मात्र कोणासही दाखवीत नाही. ते आपण होऊन, वेळीच विचारणे हे घरातील प्रत्येकाचे कर्तव्य होय.