इनहेल : आत घ्यायचं की नाही?

या अंकात एकच इंग्रजी शब्द घेऊ, इनहेल. अर्थ सोपा आहे, श्वास आत घेणे. बाहेर सोडला की एक्सहेल. इनहेलेशन म्हणजे श्वासावाटे आत घेण्याची क्रिया. आणि इनहेलर म्हणजे आपण ज्याला दम्याचा पंप म्हणतो तो.

हा शब्द औषधाच्या पाकिटावर असतो, तसा फवारणीच्या डब्यावरही असतो. मात्र दोन्हीकडचा हुकूम उलटा.

दम्याच्या काही कॅप्सूलच्या पाकिटावर 'फॉर इनहेलेशन ओन्ली' असं लिहिलेलं असतं. म्हणजे फक्त श्वासावाटे घ्यायची. दिसते इतर कॅप्सूलसारखीच, म्हणून पाण्याबरोबर गिळली जाते. मग औषध जातं पोटात, आणि दम तर छातीत लागलाय! ही कॅप्सूल सोबतच्या यंत्रात घालून आतली पावडर तोंडाने जोरात ओढायची असते. सर्दीत वाफ घ्यायची कॅप्सूलही गिळायची नाही, गरम पाण्यात फोडायची.

पंपाची रीत वेगळी. आधी श्वास पूर्ण सोडा. पंप ओठांत घट्ट धरा, हळू श्वास आत घेता घेता दाबा आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. नुसता तोंडात फवारला तर औषध जिभेवर आणि घशातच राहतं. पंपाची सवय लागते असं बऱ्याच जणी म्हणतात, ते खरं नाही. औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे गोळीपेक्षा कमी मात्रा पुरते.

आता डबा. चिकूच्या वाडीत किंवा भाजीवर फवारणीला जाता, तेव्हा डब्यावर 'डू नॉट इनहेल' किंवा 'अव्हॉइड इनहेलेशन' दिसेल. म्हणजे श्वासात जाऊ देऊ नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. ते विष प्यायले नव्हते. श्वासातून आणि कातडीतून ते अंगात गेलं. नाकाला पदर बांधून भागत नाही, ओला झालेला पदर तर विष नाकापाशीच धरून ठेवतो. मास्क आणि हातमोजे मालकाकडे मागा, मजुरी मागता तशाच हक्काने. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा.

इंग्रजी वाचता आलं नाही तरी रंग बघा. डब्यावरच्या तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही विषच.

चक्कर, मळमळ, दम, डोळ्यांपुढे अंधारी, काहीही झालं तरी काम तिथेच थांबवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि 108 ला फोन करा. दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्या. कोणतं विष आहे हे त्यावर वाचूनच डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.