इंजिनातील तेल काळे का पडते?

मोटारीचे तेल घरच्या घरी बदलताना, सोनेरी ओतलेले तेल काळेकुट्ट होऊन बाहेर पडलेले पाहून ते नासले असा ग्रह होणे स्वाभाविक असले, तरी तो काळेपणा बव्हंशी त्याने इमानेइतबारे बजावलेल्या कामगिरीची साक्ष होय. साबण मळाला पाण्यात सुटा धरतो, तद्वत तेलातील विशिष्ट द्रव्ये ज्वलनातून उत्पन्न होणारी काजळी स्वतःत सामावून घेऊन धातूवर तिचा थर बसू देत नाहीत. फिल्टरचा घडीदार कागद धातूचे कण अडवतो. अतिसूक्ष्म काजळी मात्र त्यातून निसटते. ही द्रव्ये कालांतराने खर्ची पडतात, म्हणूनच मुदतीत तेल बदलणे अगत्याचे. इंजिन कोमट असतानाच तेल काढावे, म्हणजे पातळ होऊन गाळासह वाहते; आणि नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावावे, म्हणजे आवळताना ते पिळवटत नाही.